जळगावात एम.एस्सी. करतोय, इम्युनॉलॉजी (रोगप्रतिकारशास्त्र) आणि बायोइन्फॉर्मेटिक्स (जीवशास्त्रातल्या डेटाचं संगणकी विश्लेषण) दोन्ही हवंय. सुरुवात कुठून करू?

पुण्याच्या एनसीसीएससारख्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) संस्थेत पीएच.डी.साठी नेट-जेआरएफ किंवा डीबीटी-जेआरएफसारखी परीक्षेतून मिळणारी संशोधन फेलोशिप लागेल, तो अभ्यास चालू ठेवाच. पण मुलाखतीत वजन पडतं ते स्वतः केलेल्या डेटा-विश्लेषणाचं, आणि ते जळगावात बसूनही होतं.

टेनएक्स जीनोमिक्स या कंपनीचा पीबीएमसी-३के हा मोफत डेटा उतरवा: निरोगी माणसाच्या रक्तातल्या २,७०० पांढऱ्या पेशींत (पीबीएमसी) कोणती जनुकं किती चालू आहेत याची नोंद. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर पायथनमधलं स्कॅनपाय हे सॉफ्टवेअर तो आरामात हाताळतं. २०० पेक्षा कमी जनुकं दिसणाऱ्या आणि ५ टक्क्यांहून जास्त मायटोकॉन्ड्रियल आरएनए असलेल्या पेशी गाळा, त्या बहुधा खराब झालेल्या असतात. हा ५ टक्क्यांचा आकडा मात्र पाठ करू नका. हृदयाच्या स्नायूपेशींत मायटोकॉन्ड्रिया मुळातच भरपूर, तिथे तो लावला तर चांगल्या पेशीच फेकल्या जातात. मग सारख्या पेशींचे गट (क्लस्टर) ओळखा: सीडी३डी हे जनुक चालू असेल तर टी पेशी, एमएस४ए१ असेल तर बी पेशी.

न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) दिसत नाहीत म्हणून कोड तपासत बसू नका. पीबीएमसी वेगळ्या करताना ते तांबड्या पेशींबरोबर तळाशी जातात. हे कळायला इम्युनॉलॉजीच लागते, म्हणून नुसत्या कोडिंगच्या कोर्सवर पैसे घालवू नका.

जनुकांची यादी एक्सेलमध्ये थेट उघडू नका, 'मार्च१' या जनुकाच्या जुन्या नावाची तारीख होते.

प्रबंधाला विषय हवा असेल तर नंदुरबारकडे बघा. तिथल्या आदिवासी समाजात सिकलसेल आहे, आणि त्या आजारात जंतुसंसर्ग का बळावतो हा अस्सल इम्युनॉलॉजीचा प्रश्न आहे. रक्ताचे नमुने घ्यायचे असतील तर आधी एथिक्स कमिटीची मंजुरी घ्या.