पुण्यात बसून 'पुना'चा नकाशा

अरे, पहिल्याच नकाशाला थेट अँडीजमधलं आताकामाचं पुना पठार? (नाव पुना, पण दुपारच्या झोपेची सोय नाही, उंची ४,००० मीटरच्या आसपास.) काढ, पण आधी प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची पद्धत) बघ. सिंहगडाची जुनी फाइल कॉपी केली असशील तर ती यूटीएम (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणारी प्रोजेक्शन पद्धत) झोन ४३ उत्तरची. तिथल्या ओहोस देल सालादो या ६,८९३ मीटरच्या ज्वालामुखीला झोन १९ दक्षिण लागतो. मी एकदा मीटरऐवजी अक्षांश-रेखांशाच्या अंशांतल्या डेटावरच हिलशेड (डोंगराच्या ऊन-सावलीचं चित्र) चालवला होता. सगळा डोंगर नुसता काळा-पांढरा!

खरी गोम तिथल्या मिठाच्या मैदानांत आहे. ती जवळपास सपाट असतात. २००० साली अवकाशयानातल्या रडारने घेतलेल्या एसआरटीएम या उंचीच्या डेटातली मीटर-दोन मीटरची थरथर तिथे ५ मीटरच्या कंटूरची (समान उंचीच्या रेषांची) गांडुळं करते. दोन कंटूरमधलं उंचीचं अंतर ५० मीटर ठेव. मैदान रिकामं दिसलं तर दिसू दे, ते रिकामंच आहे.

आणि विवरातल्या बंद रेषांना आतल्या बाजूने बारीक रेघा मार, नाहीतर वाचणारा खड्ड्याला टेकडी समजतो. बाकी रंगसंगती तुझी तू बघ, फक्त वाळवंटाला हिरवा देऊ नकोस.