खिडकीतला तुटवडा कुठून येतो?

एचआयव्हीवरची औषधं देणाऱ्या सरकारी एआरटी केंद्राच्या औषधखिडकीमागे माझी बरीच वर्षं गेली. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न गोळ्यांच्या साठ्याबद्दल आहेत.

प्रश्न : मला तीन महिन्यांच्या गोळ्या मिळायच्या. या खेपेला पंधरा दिवसांच्याच दिल्या. सरकारकडचे पैसे संपले का?

तसंच असेल असं नाही. एप्रिल २००४ पासून ही औषधं मोफत मिळतात. खरेदी मुख्यतः दिल्लीतून, नॅको म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेमार्फत होते. मग माल राज्याकडे आणि तिथून केंद्राकडे येतो. वर एखादी निविदा रखडली, तर झळ खिडकीवर काही महिन्यांनी लागते. २०२२ मध्ये डॉल्युटेग्रॅव्हिर या एचआयव्हीवरच्या औषधाचं असंच झालं. जुलैत रुग्णांनी नॅकोच्या कार्यालयात धरणं धरलं आणि ते चाळीसहून अधिक दिवस चाललं.

तरीही आधी विचारून घ्या, साठा कमी आहे की तुमची व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) तपासणी राहिली आहे? कधीकधी कारण एवढंच असतं. साठाच कमी असेल तर गोळ्या पुरवून पुरवून खाऊ नका. अर्धी गोळी नको, दिवसाआड तर मुळीच नको. रोज पूर्ण डोस घ्या आणि संपण्याच्या चार दिवस आधी केंद्र गाठा. तिथे दाद लागली नाही तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे. २०१७ चा एचआयव्ही कायदाही तुमच्या बाजूने आहे.

प्रश्न : मी नवीन फार्मासिस्ट आहे. मागच्या महिन्याचा खप बघून मागणी पाठवतो, तरी माल कमीच पडतो. चुकतंय कुठे?

ही चूक मीही केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तुमच्याकडे ६०० जण टीएलडीवर, म्हणजे डॉल्युटेग्रॅव्हिरसह तीन औषधांच्या रोजच्या एका गोळीवर आहेत असं धरा. तीस गोळ्यांची एक बाटली, म्हणजे महिन्याला ६०० बाटल्या. माल कमी आला म्हणून तुम्ही सगळ्यांना पंधरा-पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या. रजिस्टरात खप दिसला ३०० बाटल्यांचा. तोच आकडा धरून मागणी पाठवलीत की पुढचा तुटवडा तुमच्याच सहीने मंजूर झाला! वरच्या माणसाला काय, तो कागदावरचा ३०० वाचणार.

म्हणून मागणी काढताना खपाचा आकडा एकटा धरू नका, डोकी मोजा. उपचारावर किती जण आहेत, महिन्याला नवे किती येतात, कोण एक महिन्यावरून तीन महिन्यांवर जाणार आहे? शंभर जणांना तीन महिन्यांचं द्यायचं ठरलं, तर त्या महिन्यात त्यांना १०० नव्हे, ३०० बाटल्या लागतात. वर्षाची गरज तेवढीच राहते, पण पहिला घास मोठा असतो. मागणी गेल्यापासून माल हातात पडेपर्यंतचे दिवस आणि त्यावर थोडी शिल्लकही धरा.

आणि महिन्यातून एकदा कपाट उघडून हाताने मोजा. एका केंद्रात संगणकावर १४० बाटल्या दिसत होत्या, कपाटात निघाल्या ९२. बाकीच्या लिंक एआरटीला, म्हणजे केंद्राला जोडलेल्या छोट्या उपकेंद्राला गेल्या होत्या, नोंद राहिली होती. मुदत जवळ आलेला माल पुढे ठेवा. तो तुमच्याकडे खपणार नसेल तर वेळीच राज्याला कळवा, शेजारच्या केंद्राला कदाचित तोच हवा असेल.

प्रश्न : आम्ही बीडकडचे, दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो. सहा महिने गोळ्यांचं काय करायचं?

टोळी निघायच्या आधी केंद्रात जाऊन तारीख आणि कारखान्याचं गाव सांगा. तब्येत स्थिर असेल तर तीन महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात. पुढच्यासाठी कारखान्याजवळचं केंद्र विचारून ठेवा आणि उपचाराच्या नोंदींचं हिरवं पुस्तक सोबत न्या. तिथे नव्याने नाव मात्र नोंदवू नका, तुमचाच जुना नंबर सांगा. लाजेपोटी काही जण दुसरं नाव सांगतात. मग एकच माणूस दोन केंद्रांत मोजला जातो आणि जुना उपचारही डॉक्टरांना दिसत नाही.

प्रश्न : पित्ताचं पातळ औषध आणि कॅल्शियम चालू आहे. सोबत चालेल का?

पित्ताचं पातळ औषध सोबत नको. टीएलडी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्या. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी जेवणासोबत टीएलडीबरोबर चालते, उपाशीपोटी नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा टीबीचं औषध सुरू असेल तर डॉक्टरांना सांगाच. डोस बदलावा लागतो.

प्रश्न : एसटीत बाटली खुळखुळते, लोक बघतात. गोळ्या कागदात बांधून नेऊ का?

कागदात नको, दमट हवेने गोळ्या खराब होतात. बाटलीतली छोटी पुडीही फेकू नका, ती ओलावा शोषते. कोरड्या कापसाचा बोळा वरून दाबून बसवा, आवाज बंद होतो. माझ्या खिडकीवर ही युक्ती एका आजींनी मला शिकवली होती.