‘व्हीएच विथ पीएफआर’ एवढ्यावर थांबू नकोस

प्रिय डॉक्टर,

अंग बाहेर येण्याच्या (प्रोलॅप्सच्या) शस्त्रक्रियांवरचा तुझा थीसिसचा मसुदा वाचला. पहिल्या पानावर अमेरिकेतल्या शस्त्रक्रियांचा आलेख, दुसऱ्यावर आपल्या ओटी रजिस्टरमधले पाच वर्षांचे आकडे आणि तिसऱ्यावर दोन्हींची तुलना. तिसरं पान तूर्त बाजूला ठेव. तिथले आकडे चुकलेले नाहीत, पण दोन्हीकडे मोजलेली गोष्टच वेगळी आहे. शस्त्रक्रियांच्या आकड्यांतून डॉक्टरांनी काय केलं ते कळतं. किती बायकांचं अंग बाहेर येत होतं आणि त्या किती वर्षं गप्प बसल्या, हे त्यांत कुठेच येत नाही.

आधी तुझा अमेरिकेचा आलेख. नॅशनल इनपेशंट सॅम्पल म्हणजे फक्त रुग्णालयात भरती झालेल्यांची नोंद. लघवी सुटू नये म्हणून मूत्रनलिकेखाली घालायची पट्टी तिथे सकाळी घालून संध्याकाळी घरी सोडण्याची पद्धत रूढ झाली. अशी बाई त्या नमुन्यात दिसतच नाही. त्यामुळे रेषा खाली आली याचा अर्थ शस्त्रक्रिया घटल्या असा होईलच असं नाही. त्यांतल्या काही फक्त एका दारातून दुसऱ्या दारात गेल्या. दुसरं, 1 ऑक्टोबर 2015 पासून तिथे आयसीडी-10 चे (निदान आणि शस्त्रक्रियांच्या नोंदीचे) नवे कोड लागू झाले. त्या तारखेच्या अलीकडची-पलीकडची रेषा सलग काढू नकोस, उभी तुटक खूण करून दोन तुकडे वेगळे दाखव.

आधारासाठी बसवायच्या कृत्रिम जाळीबद्दलचं तुझं वाक्य मात्र बदलायलाच हवं. ‘2019 मध्ये जाळीवर बंदी आली’ असं तू लिहिलंयस. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांच्या नियामकाने) 2008 मध्ये पहिली सूचना काढली, 2011 मध्ये गुंतागुंती दुर्मीळ नाहीत असं स्पष्ट सांगितलं, 2016 मध्ये ही जाळी सर्वाधिक जोखमीच्या वर्गात टाकली आणि एप्रिल 2019 मध्ये विक्री थांबवायला लावली. पण 2008 च्या सूचनेनंतरचं हे सगळं अंग बाहेर येण्यासाठी योनीमार्गातून बसवायच्या जाळीपुरतं होतं. पोटातून केलेल्या सॅक्रोकोल्पोपेक्सीची (योनीचा माथा कण्याच्या तळाच्या हाडाला टांगण्याची) जाळी आणि मूत्रनलिकेखालची पट्टी त्यात नव्हती. इंग्लंडमध्ये जुलै 2018 ला जो लगाम बसला त्यात मात्र पट्टीही आली. एकाच शब्दात हे दोन देश बसवलेस, तर परीक्षक पहिला प्रश्न इथेच विचारतील, आणि तो योग्यच असेल.

आणखी एक आकडा तू सर्रास सगळ्यांसारखाच वापरलास. 1997 च्या अमेरिकी अभ्यासात 80 व्या वर्षापर्यंत अंग बाहेर येणं किंवा लघवी सुटणं यासाठीच्या शस्त्रक्रियेची शक्यता 11.1 टक्के आली आणि शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 29.2 टक्के बायकांची ती पुन्हा झालेली होती. याचा अर्थ ‘दर शंभरात 29 शस्त्रक्रिया फसतात’ असा नाही. अभ्यासाच्या वर्षी टेबलावर आलेल्यांपैकी इतक्या जणींची आधी कधीतरी, कुठेतरी, कुठल्याशा भागाची शस्त्रक्रिया झाली होती, एवढंच. 2014 मध्ये दुसऱ्या अभ्यासात हीच आयुष्यभराची शक्यता 20 टक्के निघाली. लोकसंख्या वेगळी, पद्धत वेगळी, मधल्या काळात पट्टी आलेली. ‘प्रमाण दुप्पट झालं’ हे वाक्य काढून टाक.

आता आपल्याकडे. भारतात या शस्त्रक्रियांची सक्तीची राष्ट्रीय नोंदवही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गर्भपिशवी काढल्याचा प्रश्न 2015-16 पासून आहे, 2019-21 च्या फेरीत तो आकडा 3.3 टक्के आहे. पण ती पाहणी 15 ते 49 वयाच्या बायकांची आहे, आणि अंग बाहेर आल्याच्या शस्त्रक्रियांची मोठी गर्दी पाळी गेल्यानंतरच्या वयात असते. तो आकडा आपल्या विषयाच्या शेजारचा आहे, विषयाचा नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं 2019 मध्ये गाजलं, तेव्हापासून महाराष्ट्रात हा आकडा उच्चारताना ‘का काढली’ हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

म्हणून तुझं खरं काम ओटी रजिस्टरमध्ये आहे. तिथे पानोपानी ‘व्हीएच विथ पीएफआर’ सापडेल, म्हणजे योनीमार्गातून गर्भपिशवी काढून सैल पडलेला भाग शिवला. त्यातून व्हॉल्ट (पिशवी काढल्यावर उरणारा योनीचा माथा) कशाला टांगला ते कळत नाही, आणि पुढे पुन्हा खाली येणार की नाही हे बरंचसं त्यावरच ठरतं. पिशवी काढणं म्हणजे आधार देणं नव्हे. शिवाय फायब्रॉइडसाठी केलेल्या एनडीव्हीएच (अंग खाली आलेलं नसताना योनीमार्गातून पिशवी काढणं) त्याच रकान्यात मिसळलेल्या असतात. त्या आधी वेगळ्या काढ. निदानाचा कोड एन81 (अंग बाहेर येणं) आणि शस्त्रक्रिया, दोन्ही जुळलं तरच केस घे.

मग प्रत्येक केसला व्हॉल्टच्या आधाराचा स्वतंत्र रकाना कर. मॅककॉल (व्हॉल्ट गर्भाशयामागच्या अस्थिबंधांना शिवणं) असेल तर सिस्टोस्कोपी करून, म्हणजे दुर्बिणीने मूत्राशयात बघून, दोन्ही बाजूंनी लघवीची धार दिसली का ते लिही, कारण त्या टाक्यांनी मूत्रवाहिनी मुडपू शकते आणि ते टेबलावरच सोडवणं सोपं. सॅक्रोस्पायनस (व्हॉल्ट त्याच नावाच्या अस्थिबंधाला टाचणं) असेल तर कुठली बाजू तेही लिही. टाका इश्चियल स्पाइन या हाडाच्या काट्यापासून आत साधारण 2 सेंमीवर हवा, काट्याजवळ प्युडेंडल नस आणि रक्तवाहिन्या असतात. नितंबात दुखणं काही आठवड्यांत बहुधा जातं, पण शुद्धीवर येताच पायात तीव्र कळ गेली तर टाका काढायची वेळ आली असं समज. या पद्धतीत पुढे मूत्राशयाची बाजू खाली येऊ शकते, म्हणून पाठपुराव्यात पुढचा भाग वेगळा मोजायचा.

पिशवी राखून केलेल्या स्लिंगसाठी (पट्टीने पिशवी वर टांगण्यासाठी) परदेशी यादीतला रकाना शोधू नकोस. शिरोडकरांची आणि पुरंदऱ्यांची, दोन्ही पद्धती मुंबईतल्याच. त्यांना आपापल्या नावाने रकाना दे. शिरोडकर पद्धतीत गर्भाशयमुख मागे सॅक्रल प्रोमोंटरीला (सॅक्रम या कण्याच्या तळाच्या हाडाच्या वरच्या कडेला) बांधलं जातं, तिथे मूत्रवाहिनी आणि सॅक्रमपुढच्या शिरा सांभाळाव्या लागतात. पुरंदरे पद्धतीत ते पुढे पोटाच्या रेक्टस शीथला (स्नायूवरच्या आवरणाला) जातं, मागची जागा उघडी पडते आणि तिथून एन्टेरोसील (आतड्याचा फुगवटा) उतरू शकतं. दोन्ही ‘सॅक्रोहिस्टेरोपेक्सी’त (पिशवी सॅक्रमला टांगणं) टाकल्यास हा फरक कायमचा पुसला जाईल. मर्सिलीन टेप (कृत्रिम पट्टी) की रुग्णाचीच शीथ, हेही लिही.

पीओपी-क्यू, म्हणजे अंग किती खाली आलं त्याचं माप, ओपीडीतलंच घे. ओटीत भूल दिल्यावर व्हल्सेलमने (गर्भाशयमुख पकडायच्या चिमट्याने) ओढून घेतलेलं माप जास्तच भरतं. मूत्राशय रिकामं, हायमेन (योनीमुखाजवळचा पडदा) म्हणजे शून्य, बाईने पूर्ण जोर दिलेला, फक्त योनीची एकूण लांबी जोर न देता. टेबलावर लाजून ती जोर देतच नाही. मग उभं करून खोकायला सांग आणि तिला विचार, ‘घरी बाहेर येतं ते एवढंच का?’ तिचं ‘हो’ आल्याशिवाय माप लिहू नकोस.

कॅथेटर काढताना 300 मिली सलाइन भरून किती लघवी झाली ते लिही. 200 मिलीच्या खाली असेल तर ‘व्हॉइडेड’ एवढाच शेरा पुरत नाही.

पाठपुरावा हाच सगळ्यात कच्चा दुवा. पालघर, रत्नागिरीहून आलेल्या बाईच्या केस पेपरवर मुलाचा किंवा नवऱ्याचा नंबर असतो. तिचा स्वतःचा आणि शेजारणीचा किंवा बहिणीचा, असे दोन आणखी घे. भातलावणीच्या दिवसांत तारीख देऊ नकोस, ती येणार नाही. फोनवर ‘काही त्रास?’ विचारलंस तर ‘नाही’ येईल. विचार: अंगाशी काही लागल्यासारखं वाटतं का? खोकताना लघवी सुटते का? घाई लागली की बाथरूमपर्यंत पोचता का? हंडा किंवा गॅसची टाकी पुन्हा उचलायला लागलात का? आणि फोन मुलाने घेतला तर यातलं काहीही त्याला न विचारता तिला कधी बोलता येईल ती वेळ विचारून ठेव.

सगळे पेपर एकदम उघडू नकोस. आधी जुने 50 घे. तू आणि तुझी ज्युनिअर, दोघींनी एकमेकींचं न बघता तक्ता भरा. जिथे उत्तरं जुळणार नाहीत, तिथे व्याख्या सैल आहे असं समजून ती घट्ट कर, मग 51 वा पेपर. तो 50 चा तक्ता घेऊन ये, तिसऱ्या पानाचं काय करायचं ते तेव्हा ठरवू.