वाचकांचे प्रश्न : देव, मत आणि म्हातारपण

प्रश्न : माझे वय 73 आहे. पती निवर्तल्यापासून थोरला मुलगा दर रविवारी मला चर्चमध्ये मिस्साला (सामुदायिक उपासनेला) घेऊन येतो, हात धरून पायऱ्या चढवतो आणि मग परत गाडीत जाऊन बसतो. तो देव मानत नाही. लहानपणी हाच मुलगा वेदीसेवक होता, मिस्सात धर्मगुरूंच्या मदतीला उभा राहायचा. माझे कुठे चुकले? त्याला आत कसे आणावे?

उत्तर : आपल्या मूळ पत्रात ‘माझे काय चुकले’ हे शब्द चार वेळा आले आहेत, मात्र मुलगा स्वतः काय म्हणतो हे एकदाही आलेले नाही. आधी ते त्याला विचारावे आणि तो सांगू लागला की मध्ये बोलू नये. देव नाही असे म्हणणारी माणसे एकाच कारणाने तसे म्हणत नाहीत. कोणाला लहान मुलांच्या मरणाचा आणि दयाळू पित्याचा मेळ लागत नाही, कोणाला जगाचा उलगडा देवाशिवायही होतो असे वाटते, तर कोणी आपल्यासारख्या श्रद्धावंतांचे वागणे पाहूनच या वाटेला जाणे सोडलेले असते. हे शेवटचे कारण माझ्या पदरचे नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, 7 डिसेंबर 1965 रोजी आधुनिक जगातील चर्चविषयी जो दस्तऐवज जाहीर केला, त्यात निरीश्वरवाद निर्माण होण्यात श्रद्धावंतांचाही बराच वाटा असू शकतो, कारण सदोष शिकवणुकीने आणि आचरणाने ते देवाचा खरा चेहरा दाखवण्याऐवजी झाकून टाकतात, अशी स्पष्ट कबुली आहे.

त्याच परिषदेने 1964 मध्ये असेही सांगितले होते की, स्वतःचा दोष नसताना ज्यांना देवाची ओळख पटलेली नाही, पण जे सरळमार्गी जीवन जगण्यासाठी झटतात, त्यांना तारणासाठी लागणारे साहाय्य देव नाकारत नाही. हे वाक्य आपण स्वतःच्या दिलाशासाठी जरूर जवळ ठेवावे. मुलाला मात्र ‘तू नकळत ख्रिस्तीच आहेस’ असे सांगू नये. त्याला तो अपमान वाटेल, आणि त्यात त्याची चूक नसेल.

तरुणपणी मी निरीश्वरवाद्यांशी पुष्कळ वाद घातले. देवाचे अस्तित्व सिद्ध करणारे मध्ययुगीन धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांचे पाचही मार्ग (युक्तिवाद) मला तोंडपाठ होते. (स्वतः थॉमस यांनी डिसेंबर 1273 मध्ये, आपण लिहिलेले सारे आता काडीकचऱ्यासारखे वाटते असे सांगून लेखणी खाली ठेवली होती, हे मला फार उशिरा कळले.) ज्या मित्राला मी वादात सर्वांत जास्त वेळा निरुत्तर केले, तोच माझ्या पत्नीच्या अखेरच्या आजारात मला झोप मिळावी म्हणून रात्र रात्र तिच्या उशाशी बसत असे. तिला बोटांनी जपमाळ धरवेना आणि शब्दही आठवेनात, तेव्हा त्याने ‘नमो मरिये’ ही माळेची प्रार्थना माझ्याकडून एका कागदावर लिहून घेतले आणि एकही शब्द न गाळता, सपाट आवाजात, माळेच्या प्रत्येक दशकात (दहा मण्यांच्या गटात) दहा वेळा मोजून ती तिला वाचून दाखवली. सकाळी मी काहीतरी भावुक बोलू लागलो, तर तो म्हणाला, “मी प्रार्थना केली नाही, वाचून दाखवले.” त्या फरकाबद्दल त्याच्याशी वाद घालण्याची इच्छा मला तेव्हा झाली नाही आणि त्यानंतरही कधी झाली नाही.

मुलाला आत ओढण्याचा प्रयत्न करू नये. गाडीत बसल्यावर त्याने आजचे प्रवचन कसे झाले असे विचारलेच, तर जे असेल ते सांगावे, आणि कंटाळवाणे झाले असेल तर तसेही सांगावे.

प्रश्न : आमच्या धर्मग्रामातील (एका चर्चच्या स्थानिक समुदायातील) एक गट म्हणतो की एका विशिष्ट पक्षाला मत देणे हे खऱ्या कॅथलिकाचे कर्तव्य आहे. मी वेगळे मत मांडले, तर मला ‘अर्धा कॅथलिक’ ठरवण्यात आले. श्रद्धेचा आणि राजकारणाचा संबंध असावा का?

उत्तर : संबंध असावाच. 1891 मध्ये पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या न्याय्य वेतनाची आणि संघटना करण्याच्या हक्काची बाजू मांडली, तेव्हापासून तरी हा प्रश्न निकालात निघालेला आहे. परंतु वेतन न्याय्य असावे हे सांगणे ही एक गोष्ट, आणि ते मिळवून देण्याचा मार्ग अमुक पक्षालाच सापडला आहे असे वेदीच्या आडून सांगणे ही दुसरी. वर उल्लेखिलेल्या 1965 च्या दस्तऐवजातच असे म्हटले आहे की, सारख्याच प्रामाणिकपणाने विचार करणारे ख्रिस्ती लोक एकाच प्रश्नावर वेगवेगळ्या निष्कर्षांना येऊ शकतात आणि आपल्या मतासाठी चर्चचा अधिकार वापरण्याची मुभा कोणालाही नाही. राजसत्तेत सहभागी करणारे सार्वजनिक पद स्वीकारण्यास चर्चचा कायदा धर्मगुरूंना मनाई करतो, तीही याच जातीच्या कारणाने. आपल्याला अर्धे ठरवणाऱ्यांनी निदान एवढे तरी वाचायला हवे होते.

शिवाय राजकीय बाबतीत चर्चचा स्वतःचा प्रवासही सरळ रेषेत झालेला नाही. पोप पायस नववे यांनी 8 डिसेंबर 1864 रोजी ज्या मतांना चुकीचे ठरवले, त्यांत आपल्या बुद्धीला जो धर्म खरा वाटेल तो स्वीकारण्यास प्रत्येक माणूस मोकळा आहे, हेही मत होते. धर्मस्वातंत्र्य हा माणसाचा हक्क असल्याची घोषणा व्हॅटिकन परिषदेने 7 डिसेंबर 1965 रोजी केली. मध्ये 101 वर्षे गेली, त्यांत एक दिवस कमी. या दोन भूमिकांचा मेळ कसा घालायचा यावर धर्मपंडित आजही लिहीत आहेत. येत्या निवडणुकीपुरती खात्री आपल्या गटाला इतक्या लवकर कशी झाली, याचे मला कुतूहल वाटते.

अशा प्रसंगी मला स्मर्ना (आजच्या तुर्कस्तानातील इझमीर) येथील वृद्ध बिशप पॉलिकार्प आठवतात. दुसऱ्या शतकाच्या मध्यास त्यांना प्रेक्षागारात उभे करण्यात आले आणि रोमी अधिकाऱ्याने त्यांना सीझरची शपथ घेऊन ‘नास्तिकांचा नाश असो’ असे म्हणायला सांगितले. नास्तिक म्हणजे अर्थातच ख्रिस्ती, कारण ते नगराच्या देवांना मानत नव्हते. पॉलिकार्प यांनी समोरच्या गर्दीवर नजर टाकली, तिच्याच दिशेने हात हलवला, सुस्कारा टाकून वर पाहिले आणि म्हटले, “नास्तिकांचा नाश असो.” पुढे ख्रिस्ताला नाकारण्याचा आग्रह झाला, तेव्हा ते उत्तरले की 86 वर्षे मी त्याची सेवा केली, त्याने माझे काहीच वाईट केले नाही. कोणाला नास्तिक म्हणावे आणि कोणाला अर्धा, हे सत्तेच्या बाजूला उभे राहून ठरवणारे लोक तेव्हाही होते.

प्रश्न : मी 68 वर्षांचा आहे. पूर्वी प्रार्थनेत डोळे भरून येत. आता शब्द कोरडे वाटतात, मन भटकते, आणि समोर कोणीच नाही अशी शंका येते. वयाबरोबर श्रद्धा संपते का?

उत्तर : हा कोरडेपणा वयाचा नव्हे. फ्रान्समधील लिझ्यूच्या जोगीण संत तेरेसा यांना 1896 च्या पुनरुत्थान सणाच्या सुमारास असाच अंधार वेढून आला आणि 1897 मध्ये, वयाच्या अवघ्या 24 व्या वर्षी, त्या मरण पावल्या तोवर तो फारसा हटला नाही. श्रद्धाच नसलेली माणसे खरोखर असतात यावर आपला पूर्वी विश्वास बसत नव्हता, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. मदर तेरेसा यांची पत्रे 2007 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या जवळजवळ अर्धे शतक अशाच रितेपणात काम करत राहिल्या हे जगाला कळले.

वयाने बदलते ते शरीर, आणि त्याच्याशी जुळवून घ्यायला मलाही लाज वाटत असे. मिस्सात सारे गुडघे टेकतात तेव्हा मी पुढच्या बाकाच्या कडेवर हात ठेवून बसून राहतो. रात्री माळ तिसऱ्या दशकापुढे क्वचितच जाते. आपणही प्रार्थना लहान करावी, पण तिची वेळ चुकवू नये, आणि डोळे भरून येतात की नाही हे तपासत बसू नये.

आणखी एक. पत्राच्या शेवटी आपण हृदयाच्या दुखण्याचा ओझरता उल्लेख केला आहे. आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगाचे साक्रामेंत (पवित्र तेल लावून प्रार्थना करण्याचा चर्चचा संस्कार) केवळ मरणासन्न माणसासाठी नाही; 1972 च्या सुधारित विधीनुसार ते गंभीर आजारी माणसाला आणि वार्धक्याने क्षीण झालेल्यालाही देता येते. धर्मगुरूंना सांगून ते शांतपणे मागून घ्यावे. मी गेल्या वर्षी घेतले, आणि ते कळताच तीन नातेवाईक त्याच संध्याकाळी घाबऱ्याघुबऱ्या मला शेवटचे भेटायला आले.