स्पॅनिशमधला 'त्याला': 'लो' की 'ले'?

प्रश्न : 'मी त्याला बघतो' आणि 'मी त्याला पुस्तक देतो', दोन्हीकडे 'त्याला'च. मग स्पॅनिशमध्ये एकदा 'लो' आणि एकदा 'ले' का?

उत्तर : मराठीतला 'ला' प्रत्यय दोन्ही कामं करतो, म्हणून हा घोळ आपल्याकडे हमखास होतो. बघितलं जातं ते त्यालाच. तो प्रत्यक्ष कर्म, म्हणून 'लो वेओ'. दिलं जातं ते पुस्तक, तो फक्त घेणारा. तो अप्रत्यक्ष कर्म, म्हणून 'ले दोय एल लिब्रो'. बाई असेल तर 'ला वेओ', पण देताना तिलाही 'ले'च. माद्रिदकडे पुरुषासाठी 'ले वेओ' ऐकू येईल. एका पुरुषापुरता हा वापर रेआल अकादेमियालाही, म्हणजे स्पॅनिशचे नियम ठरवणाऱ्या संस्थेलाही, मान्य आहे. तुम्ही मात्र आधी 'लो' पक्कं करा.

प्रश्न : 'ले लो दोय' म्हटलं की बाई लगेच थांबवतात. का?

उत्तर : 'लो, ला, लोस, लास' यांच्या आधी 'ले' किंवा 'लेस' आलं की त्याचं 'से' होतं : 'से लो दोय', मी ते त्याला देतो. दोन 'ल' कानाला खटकतात म्हणून, असं बऱ्याच वर्गांत सांगतात. मला ते पटत नाही. जुन्या स्पॅनिशमध्ये ही जोडी 'झेलो'सारखी उच्चारली जायची. पुढे तिचा पहिला भाग आत्मवाचक ('स्वतःला' अशा अर्थाच्या) 'से'मध्ये मिसळून गेला. अडचण एवढीच, की हे 'से' त्याला, तिला, त्यांना, तुम्हांला, कुणालाही लागू पडतं. संदर्भातून कळत नसेल तर शेवटी जोडा : 'से लो दोय आ एया', म्हणजे तिला. क्रम मात्र आपल्यासारखाच, माणूस आधी, वस्तू नंतर : 'मे लो दास', मला ते देतोस.

प्रश्न : 'ले दोय एल लिब्रो आ हुआन' यात हुआन आहेच, मग 'ले' कशाला?

उत्तर : ही पुनरुक्ती चूक नाही, रोजच्या बोलण्यात असंच म्हणतात. खुशाल वापरा.

प्रश्न : सर्वनाम क्रियापदाच्या आधी की नंतर?

उत्तर : चालवलेल्या क्रियापदाच्या आधी : 'लो वेओ'. सोबत मूळ रूप असेल तर दोन्ही चालतं, 'लो किएरो वेर' किंवा 'किएरो वेर्लो', मला त्याला बघायचंय. आज्ञेत शेवटी चिकटतं : 'दामेलो', मला ते दे. लिहिताना 'दा'वर आघातचिन्ह विसरू नका. नकार आला की पुन्हा क्रियापदाच्या आधी : 'नो मे लो देस', मला ते देऊ नकोस.

प्रश्न : 'मे गुस्ता एल मांगो' यात 'यो', म्हणजे 'मी', कुठे गेला?

उत्तर : 'मला आंबा आवडतो' यात 'मी' कुठे आहे? रचना तीच. इथे इंग्रजी मध्ये आणू नका, थेट मराठीतून जा. आंबे अनेक झाले की क्रियापदही बदलतं : 'मे गुस्तान लोस मांगोस'. आणि तिला आवडत असतील तर 'ले गुस्तान', 'ला गुस्तान' नव्हे.