सात महिन्यांची लर्चर आणि रात्रीचे ससे: एवढ्यात नको

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं: इंग्लंडात लीड्सला राहता, लर्चर कुत्री घेतली आहे (लर्चर म्हणजे वेगाने पळणाऱ्या शिकारी कुत्र्याचा दुसऱ्या जातीशी संकर, तुमची व्हिपेट आणि कोलीची), वय सात महिने. कामावरचे दोन मित्र आपापली कुत्री घेऊन रात्री लॅम्पवर सशांना जातात, म्हणजे दिव्याच्या झोतात ससा हेरून त्याच्यामागे कुत्रं सोडतात. ते म्हणतात, हिलाही आण, मोठ्या कुत्र्यांचं बघून आपोआप शिकेल. तर न्यावं, की एकट्यानेच सुरुवात करावी?

नका नेऊ. या हिवाळ्यात तर नाहीच, आणि त्या दोन कुत्र्यांबरोबर पुढच्या हिवाळ्यातही नको.

माझं गाव जत तालुक्यातलं. आजोबांकडे कारवानी कुत्री असायची, त्यामुळे लांब तोंडाच्या, पोट खपाटीला गेलेल्या कुत्र्यांचा नाद लहानपणापासूनचा. यॉर्कशायरात येऊन तिसऱ्या वर्षी पहिली लर्चर घेतली, ग्रेहाउंड आणि बेडलिंग्टन टेरियरच्या संकराची. नाव काजळ. तिची वाट मीच लावली, तेही अगदी तुमच्या मित्रांचा सल्ला ऐकून.

आठ महिन्यांची असताना एका ओळखीच्याबरोबर नेली. त्याच्याकडे सालुकी-ग्रेहाउंडचा दांडगा नर होता. पहिल्याच सशामागे दोन्ही सोडली. नर पुढे, काजळ त्याच्या मागे. तिला ससा दिसतच नव्हता, ती नराच्या ढुंगणामागे पळत होती. तिसऱ्या खेपेला पळता पळता तिच्या तोंडून बारीक किंकाळी निघाली. आम्ही दोघे हसलो. त्या रात्री सात वेळा सोडली तिला. घरी आल्यावर गाडीतून उतरेना, उचलून आत नेली. पुढच्या महिन्याभरात प्रत्येक धावेला भुंकायची सवय लागली ती कायमची. इथली मंडळी याला तोंड उघडणं म्हणतात, आणि तोंड उघडणारं कुत्रं लॅम्पच्या कामाचं राहत नाही. पहिल्या आवाजाला शेतातले बाकीचे ससे बिळात. काजळ पुढे नऊ वर्षं आमच्या सोफ्यावर राहिली. स्वभावाने सोनं होती, पण रात्री परत कधी नेली नाही.

बघून शिकतं हे अगदी खोटं नाही. पण शिकतं काय? दुसऱ्या कुत्र्याशी शर्यत लावायला, आणि तो सशाला वळवेल म्हणून मागे रेंगाळायला. त्यात दोन कुत्री पूर्ण वेगात एकाच सशावर झेपावली आणि एकमेकांवर आदळली, तर मान मोडून जागच्या जागी जातात. शिवाय सात महिन्यांच्या पिल्लाची हाडं अजून वाढताहेत. लांब धाव, एकदम वळण, अंधारातला खड्डा हे वर्षभराच्या आत नकोच. ती उंचीने मोठी दिसायला लागली की आपल्यालाच फसायला होतं.

आता कायद्याचं, कारण आपल्या भाषेमुळे इथे मोठा घोळ होतो. आपण दोघांनाही ससाच म्हणतो. पण आपल्या माळावरचा ससा म्हणजे इथला हेअर, जो बीळ करत नाही, उघड्यावर दबून बसतो. बिळात राहणारा तो रॅबिट, आणि या उत्तरात ससा म्हणजे फक्त रॅबिट. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2004 च्या हंटिंग ॲक्टने हेअरमागे कुत्रं सोडणं गुन्हा आहे. रॅबिटला सूट आहे, पण जमीन तुमची तरी हवी किंवा मालकाची वा कसणाऱ्याची परवानगी तरी. परवानगीशिवाय रात्री गेलात तर 1828 चा नाइट पोचिंग ॲक्ट आजही लागू आहे. स्कॉटलंडमध्ये 2023 च्या कायद्याने रॅबिटही आत घेतला, त्यामुळे तिथे कुत्र्याने धावून पकडणं बंद. सुट्टीला एडिनबराकडे गेलात तर कुत्री दाव्यालाच बरी.

शेतकरी परवानगी देतात, कारण सशांचा त्यांना खरंच जाच आहे. 1953 ला मिक्सोमॅटोसिस हा सशांचा रोग आला तेव्हा इथले बहुतेक ससे मेले होते, पण पुन्हा वाढले. कोवळा गहू बांधाच्या कडेने कापल्यासारखा खातात. तरी परवानगी लिहून घ्या, आणि जायच्या आधी दर वेळी शेतकऱ्याला मेसेज टाका. तुमच्यामाझ्यासारखा माणूस रात्री अकराला लॅम्प आणि कुत्रं घेऊन शेतात दिसला की कुणीतरी पोलिसांना फोन करतंच. मला दोनदा थांबवलंय. दोन्ही वेळा शेतकऱ्याचा मेसेज दाखवला आणि पाच मिनिटांत मिटलं.

मग आता करायचं काय? तुमची कुत्री एप्रिलची, म्हणजे येत्या एप्रिलला वर्षाची होईल. पण तेव्हा गवत वाढायला लागलेलं असतं, बिळात पिल्लं असतात, आणि जूनमध्ये तर रात्री अकरापर्यंत नीट अंधारही पडत नाही. म्हणून सरळ ऑगस्टअखेर धरा. सायलेजचं, म्हणजे गुरांसाठी मुरवून ठेवायचं गवत कापलेलं असतं, वर्षभरातले कोवळे, अडाणी ससे बाहेर असतात. ती सोळा महिन्यांची असेल. मधले नऊ महिने फुकट जात नाहीत, खरं शिक्षण तेच.

सगळ्यात आधी आणून देणं. घरातल्या अरुंद बोळात बसा, दारं बंद करा, जुना मोजा गुंडाळून पुढे टाका. तिला तुमच्याशिवाय जायला जागाच नसते. आणली की हिसकावू नका. तोंडातच राहू दे, छाती खाजवा, मग हनुवटीखाली हात धरा, आपोआप सोडेल. दिवसातून तीनदा, पुरे. चौथ्यांदा टाकलात की कंटाळते, आणि कंटाळलेली लर्चर ढिम्म हलत नाही. लॅब्रॅडॉर नव्हे ती. पुढे मोज्यावर सशाचं सुकवलेलं कातडं शिवा. तुमची सात महिन्यांची, म्हणजे दात बदलून झाले असतील. दात हलत असताना मात्र हा खेळ बंद ठेवायचा, हिरड्या दुखल्या की आणणं कायमचं नावडतं होतं. आणि तिने चप्पल पळवून आणली तर ओरडू नका. माझी दुसरी कुत्री रुपी रोज बायकोची एक चप्पल आणून द्यायची, मी रोज शाबासकी द्यायचो, आणि बोलणी मला बसायची.

दुसरं मेंढ्या. यॉर्कशायरात मेंढीमागे गेलेल्या कुत्र्याला शेतकरी गोळी घालू शकतो, आणि कायदा बहुतेक त्याच्याच बाजूने उभा राहतो. आत्तापासून रोज दावं लावून मेंढ्यांच्या कडेने चाला, कोकरांच्या दिवसांत दुरून. टक लावून बघायला लागली की तिथल्या तिथे तोंड फिरवायला लावा. अंधारात हे जास्त महत्त्वाचं, कारण लॅम्पमध्ये मेंढीचे डोळेही चमकतात. मेंढीचे पांढरट हिरवे, उंचावर आणि जोडीने. सशाचा लालसर, जमिनीलगत, आणि तो आडवा बसत असल्यामुळे बहुतेकदा एकच दिसतो. ओळख पटल्याशिवाय दावं सुटता कामा नये. कान लांब, टोकं काळी, तर हेअर आहे. लॅम्प बंद, पाठ फिरवा.

बाकी हाक मारली की येणं, मोकळं सोडल्यावर पायाशी चालणं, अंधारात फिरायची सवय, ही नेहमीचीच कामं आहेत.

आता पहिली रात्र. एकट्याने जा, किंवा कुत्रं नसलेला एक जण बरोबर घ्या. अंधारी, वाऱ्याची, झिमझिम पावसाची रात्र उत्तम. चांदणं पडलंय, वारा पडलाय, गवतावर दहिवर गोठून पायाखाली करकरतंय, अशा रात्री घरीच बरं. ससे तुम्हाला शेतात शिरताना ऐकतात. आमच्याकडे भिंतीवर कालनिर्णय आहे, त्यात अमावस्या बघून मी रात्री ठरवतो. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा जावई अमावस्येला रात्री बाहेर जातो म्हणून दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

शेत आधी दिवसा तिला दावं लावून फिरवून दाखवा. काटेरी तार कुठे, फाटक कुठे, नांगर वगैरे कुठे टाकून ठेवलाय का. तारेचं कुंपण मध्येच येत असेल तर ते शेत पहिल्या वर्षी सोडूनच द्या. लर्चर प्रकाशात ससा बघते, तार बघत नाही.

वाऱ्याला तोंड करून शेतात शिरा. लॅम्प उजव्या हातात, स्लिप लीड, म्हणजे झटकन सुटणारं दावं, डाव्या. त्याचं एक टोक मनगटात अडकवलेलं आणि दुसरं गळपट्ट्याच्या कडीतून घेऊन मुठीत धरलेलं, म्हणजे मूठ उघडली की सुटली. झोत एकदाच शेतावरून फिरवा, बंद करा. ससा कुठे बसलाय ते लक्षात ठेवून अंधारातच चाला. सतत लॅम्प लावून चालणारे बरेच बघितलेत, ते सशांना जागं करत जातात. आजकालचे एलईडी लॅम्प फार झगझगीत असतात, कमीत कमीवर ठेवा.

पहिला ससा असा निवडा: कान पाडून गवतात दबून बसलेला, कुंपणापासून लांब. शेताच्या कडेशी उभा असलेला, कान ताठ केलेला ससा नको. तो सुटला की दहा उड्यांत बिळात, आणि तिला शिकायला मिळतं की धावून उपयोग नसतो. वीस पावलांवर या, झोत त्याच्यावर ठेवा, तिला तो दिसेपर्यंत थांबा. दिसला की तिच्या खांद्यांतून थरथर दाव्यातून तुमच्या हातात येते. मग मूठ उघडा. तोंडाने काहीही बोलायचं नाही.

झोत सशावर, किंचित पुढे. कुत्रीच्या डोळ्यांत कधीच नाही. ससा कुंपणाखाली गेला, त्याच क्षणी लॅम्प बंद. नवीन माणसांचं सगळं इथेच बिघडतं. लॅम्प चालू ठेवून ते दुसरा ससा शोधतात, कुत्री प्रकाशामागे शेतभर भरकटते, पुढे पुढे बोलावलं तरी येत नाही. अंधार झाला की तिला करण्यासारखं काही उरत नाही, परत येते. ती जवळ आल्याचं ऐकू आलं की एक क्षण स्वतःच्या बुटांवर प्रकाश टाका. रुपीला मी शेवटपर्यंत शिट्टी मारली नाही, ती बुटांकडे यायची.

पकडून आणला तर बहुतेक वेळा जिवंत असतो. तिच्या तोंडातून हळू घ्या आणि लगेच मान ताणून मोडा. हे आधी कुणा अनुभवी माणसाकडून हाताने शिकून घ्या. ते जमत नसेल, किंवा करवत नसेल, तर या वाटेला जाऊच नका. त्यात लाज नाही.

आणि मग घरी. पहिल्या रात्री एक धाव, फार तर दोन. पकडला असो वा नसो. हे मला अजूनही जड जातं, कारण तासभर गाडी चालवून आलेलो असतो. पहिल्या हंगामात आठवड्यातून एकदा, रात्रीला तीन-चार धावांच्या वर नको, आणि दोन धावांच्या मध्ये छातीची धाप पूर्ण बसू द्यायची.

मित्रांचं काय, तर ते दोघे दुसऱ्या हंगामात, तेही एका अटीवर: शेतात एका वेळी एकच कुत्रं सुटणार. बाकीची दाव्याला, मागे, गप्प. तुमची दाव्याला कण्हायला लागली तर तिला गाडीत नेऊन ठेवा, कारण दाव्यावर सुरू झालेला आवाजच पुढे धावेत उतरतो. अट मान्य नसेल तर त्यांच्याबरोबर पबमध्ये जा, शेतात नको. सगळ्यात चांगला सोबती म्हणजे लॅम्प धरणारा बिनकुत्र्याचा माणूस. माझ्याबरोबर एक निवृत्त पोस्टमन यायचे. दिवा त्यांच्याकडे, कुत्री माझ्याकडे. सोडायची वेळ झाली की ते कोपराने हलकंसं ढोसायचे. दोन दोन तास एक शब्द बोलायचो नाही, आणि गाडीत बसल्यावर त्यांची बडबड थांबायची नाही.

घरी आल्यावर तिला आधी थोडं पाणी, अंग थंड झाल्यावर खाणं. पंजे, बोटांमधली कातडी, डोळ्यांतली कुसळं बघा. सशाची आतडी कच्ची खाऊ घालू नका, त्यातून पट्टकृमी होतात. जंताचं औषध पशुवैद्याला विचारून वेळच्या वेळी द्या. सशाचं पोट शेतातच साफ करा, मूत्राशय आधी दाबून रिकामं करा, नाहीतर मटणाला वास येतो. कोवळा ससा कांदा-लसूण चटणीत कोंबडीसारखा होतो, जून असेल तर कुकरच्या सहा शिट्ट्या धरा.

तुमच्याच प्रश्नाखाली सोलापूरच्या एकांनी कारवानी कुत्र्याने तिकडे असंच करता येईल का म्हणून विचारलंय. नाही. आपल्याकडचा ससा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, शेत स्वतःचं असलं तरी शिकार गुन्हाच. कुत्र्याला पळवायचं तर माळावर मोज्यामागे पळवा.

आणि लीड्सवाले, मोज्याचं काम आजच सुरू करा. आठवड्याने ती तो तोंडात धरून तुमच्यापर्यंत येते की दारापाशी घेऊन बसते, तेवढं कळवा. दारापाशी बसत असेल तर पुढचं वेगळं सांगावं लागेल.