पोटाच्या ईजीजीचा रिपोर्ट मशीनच काढतं, तो खरा मानायचा का?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: आईंना बारा वर्षांपासून शुगर, जेवल्यावर मळमळ, एंडोस्कोपी स्वच्छ. म्हणून ठाण्यात ईजीजी (इलेक्ट्रोगॅस्ट्रोग्राम) केली, म्हणजे पोटावर इलेक्ट्रोड लावून जठराच्या विजेच्या लाटा टिपायची चाचणी. जेवणाआधी अर्धा तास, जेवणानंतर अर्धा तास. सॉफ्टवेअरने छापून दिलं, आधी ‘नॉर्मल लय ८१ टक्के’, नंतर ‘५६ टक्के, टॅकीगॅस्ट्रिया’, म्हणजे जठराची लय जास्त वेगवान. त्या ५६ ने तुमची झोप उडाली आहे.

मी डॉक्टर नाही. नेरुळला इंजिनिअरिंग करताना शेवटच्या वर्षी याच सिग्नलवर प्रोजेक्ट केला होता, असले टक्के काढणारा प्रोग्राम स्वतः लिहिला होता. त्यावरून एवढं नक्की सांगतो की लय शोधणं कॉम्प्युटरला फारसं जड जात नाही. कुठली मिनिटं टाकून द्यायची, तिथे तो फसतो.

जठर मिनिटाला साधारण तीनदा विजेची लाट सोडतं. जठराच्या भिंतीतल्या काहाल पेशी ती तयार करतात. अमेरिकेतल्या वॉल्टर अल्वारेझ यांनी माणसाच्या पोटावरून ती टिपून १९२२ साली छापली. मिनिटाला २ ते ४ म्हणजे ठीक, ४ च्या वर टॅकीगॅस्ट्रिया, २ च्या खाली ब्रॅडीगॅस्ट्रिया. कातडीवर पोचेपर्यंत हा सिग्नल हृदयाच्या सिग्नलपेक्षा कितीतरी क्षीण झालेला असतो. त्यात संथ इतका, की ईसीजीच्या मशीनचा फिल्टर त्याला कचरा समजून कापतो. ईसीजीत ०.०५ हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती लाटा) खालचं काढून टाकतात, आणि मिनिटाला तीन म्हणजे नेमकं ०.०५ हर्ट्झ.

हे मी पुस्तकातून नाही, फजितीतून शिकलो. पहिलं रेकॉर्डिंग स्वतःवरच केलं, उपमा खाऊन. प्रोग्राम म्हणाला मिनिटाला सहा, टॅकीगॅस्ट्रिया! दोन दिवस मी पोट चाचपत फिरलो. मग सरांनी मूळ ग्राफ काढायला लावला. लाटा सरळसरळ तीनच होत्या. जठराची लाट गुळगुळीत नसते, त्यामुळे गणितात तिची दुप्पट वेगाची सावलीही उमटते. मी फिल्टर ईसीजीच्या धड्यातून उचललेला. त्याने खरी लाट दाबली आणि सावली वर आली.

दुसरी गोष्ट तुमच्या ५६ शी थेट जोडलेली आहे. सॉफ्टवेअर साधारणतः चार-चार मिनिटांचे तुकडे घेऊन फूरिये ट्रान्सफॉर्म करतं, म्हणजे त्यात कुठल्या वेगाची लाट किती जोरदार आहे ते गणिताने काढतं, आणि तुकडा एकेक मिनिट पुढे सरकवतं. म्हणजे एकदा खोकला आला, की तो लागोपाठ चार तुकड्यांत मोजला जातो. तीस मिनिटांचे असे २७ तुकडे पडतात. तुमच्या ५६ टक्क्यांचा अर्थ १५ चांगले, १२ बिघडलेले. बारा तुकडे बिघडवायला तीन वेळा कूस बदलणं पुरतं. अशा तुकड्यात शिखर, म्हणजे सगळ्यात जोरदार दिसणारा वेग, कुठेही जाऊन बसतं, चारच्या वरसुद्धा. ७० टक्क्यांच्या खाली गेलं की ‘अ‍ॅबनॉर्मल’ छापायचं, एवढं त्याला शिकवलेलं असतं.

म्हणून असं करा. जिथे चाचणी केली तिथून मूळ ग्राफ मागा आणि हालचालीची किती मिनिटं काढून टाकली ते विचारा. ‘एकही नाही’ असं उत्तर आलं तर मी त्या ५६ ला फार भाव देणार नाही. मायक्रोव्होल्टचे आकडे शेजारणीच्या रिपोर्टशी जुळवत बसू नका. पोटावर चरबी जास्त असली की सिग्नल आपोआप बारीक दिसतो.

त्या दिवशी आईंची शुगर किती होती? हे मी सगळ्यात आधी विचारलं असतं. रक्तातली साखर चढली की जठराची लय तेवढ्यापुरतीही बिघडू शकते. डोमपेरिडोनसारखी उलटीची गोळी चालू होती का, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि पोट वेळेवर रिकामं होतंय का, हे ईजीजी सांगतच नाही. त्यासाठी खाण्यात किरणोत्सारी पदार्थाचा अंश घालून चार तासांचा स्कॅन करतात. चार तासांनीही १० टक्क्यांहून जास्त अन्न उरलं तर उशीर होतोय असं धरतात.

आता ६४ इलेक्ट्रोडची चटईसारखी पट्टी पोटावर चिकटवायची पद्धतही निघाली आहे, न्यूझीलंडच्या ऑकलंडमधून. लाट कुठल्या दिशेने चाललीय तेही त्यात दिसतं. पण हललेलं त्यातही चालत नाही.

चाचणी पुन्हा करायची ठरलीच, तर आईंना आधी सांगून ठेवा की तेवढा वेळ बोलायचं नाही. माझ्या कळव्याच्या आत्याला ते पहिल्यांदा जमलं नाही, मध्येच शेजारणीला हाक मारली. दुसऱ्या खेपेला आवाज बंद करून मालिका लावून दिली, तेव्हा कुठे मिनिटाला ३.१ वर नीट रेघ आली.